केशवराव मामांचं हरणं

केशवराव मामांइतका मन लावून हरणारा माणूस मी अख्ख्या तंजावुरात पाहिला नाही. गेम पॉइंट आला की त्यांच्या दोन्ही सर्व्हिस हमखास नेटमध्ये. मग रॅकेटच्या तारा चाचपत म्हणायचे, "परवाइल्ले, चालायचेंच! तूं आज बरा खेळतोस रे अप्पा."

मामा नात्याने कोणी नव्हेत. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले शेजारी. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. वय पंचेचाळीस, गुडघे सत्तरीचे. गल्लीत केबल टीव्ही आला तशी टेनिस क्लबातली मंडळी पहाटे उठेनाशी झाली. उरलो आम्ही दोघं. खरं तर मलाही उठवत नसे, पण रोज सहा-चार जिंकणाऱ्याने अंथरुणात लोळत पडणं बरं दिसत नाही.

एकदा तिरुचीहून एक पाहुणा आला. विद्यापीठाकडून खेळलेला तरणाबांड गडी. मामांनी त्याला सहा-एक असा झोडपला की मी बाकावरून उठून उभाच राहिलो. डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ संताप आला.

"म्हणजे इतकीं वर्षें मला मुद्दाम जिंकूं दिलेंत? ही फसवणूक नव्हे?"

"मेहनत म्हण रे. न कळतां हरणें सोपें नाहीं. सहा-एक हरलों तर तुला संशय. सहा-चार हरलों तर तुला खेळानंतरची फिल्टर कापी गोड लागते."

"मग त्याला कां नाहीं दिलेंत?"

"तो संध्याकाळच्या बसनें जाणार. उद्यां थोडाच येणार आहे?"

रागाच्या भरात मला ते नीट ऐकूच आलं नाही. "उद्यां खरें खेळायचें," असं बजावून मी निघालो. दुसऱ्या दिवशी मामा खरं खेळले. सहा-शून्य, सहा-शून्य. मला रडू यायचंच बाकी होतं. गुडघ्याचं निमित्त सांगून मी चार दिवस घरी बसलो.

पाचव्या दिवशी दूध घेऊन येताना क्लबाच्या कुंपणातून पाहिलं. कोर्टावर चुन्याच्या रेषा ताज्या आखलेल्या. मामा बाकावर, फाटकाकडे तोंड करून. मामी जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरवर. त्या माणसाला जिंकण्याहरण्याचं काहीच नव्हतं. उद्या कोणीतरी यायला हवं होतं. मला स्वतःची लाज वाटली. दुधाचं भांडं तसंच बाकावर ठेवून मी रॅकेट मागितली.

आता हरायची पाळी माझी, असं मी ठरवलं. पण मामांनीही तेच ठरवलेलं. माझ्या सर्व्हिसला मी हरायचो, त्यांच्या सर्व्हिसला ते. सात-सात, आठ-आठ. ऊन चढलं, दूध नासायला आलं, सेट काही संपेना. शेवटी मामा कमरेवर हात ठेवून नेटपाशी आले.

"अप्पा, नीट खेळ की रे! असेंच करणार असलास तर मी उद्यांपासून येणार नाहीं."

मी घाबरून पुढचे दोन्ही गेम जिंकले.