भिंतीवर घासलेले बूट

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीची थीम पार्कची सहल ठरली, तेव्हा मी रोज संध्याकाळी नवे बूट घालून चालायला जातो असं सगळ्यांना सांगत होतो. मी कुठेही जात नव्हतो. बूट पिशवीत घालून गच्चीवर जायचो आणि कठड्याच्या भिंतीवर घासत बसायचो. आधी टाचा, मग चवडे, मग कडा. शेवटी कुंडीतली थोडी माती वरून भुरभुरवायची. पन्नाशी उलटलेला, नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात हिशेब तपासणारा माणूस हे उद्योग करत होता, तेही एकाच माणसाच्या धाकानं. तो माणूस म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले नाना अहिरे.

नाना तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. लिफ्टचं दार उघडलं की त्यांची नजर आधी खाली जाते, तुमच्या पायांवर जरा रेंगाळते आणि मग सावकाश वर येते, पण फार तर गुडघ्यांपर्यंत. लोक विचारतात, काय, कसं काय? नाना विचारतात, "काय, पाय काय म्हणतात?" आणि उत्तराची वाट बघतात. "ठीक" म्हणून चालत नाही. डावा काय म्हणतो, उजवा काय म्हणतो, असं वेगवेगळं सांगावं लागतं. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांची नावं त्यांना येत नाहीत. पण "ते टाच ओढत चालणारे" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचे पगारे, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालंय.

नाना मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी विमा कचेरीत, म्हणजे खुर्चीत बसून. असा माणूस निवृत्तीनंतर पायांच्या मागे का लागावा, हे आम्हाला कोडं होतं. नानी गेल्यापासून ते एकटे असतात. मुलगी नागपूरला. घरात गेलात तर टीपॉयवर वर्तमानपत्राच्या जागी खोबरेल तेलाची बाटली, तुरटीचा खडा, कापूस आणि चिकटपट्टी. रोज दुपारी ते तुरटीच्या पाण्यात पाय बुडवून बसतात. रात्री पायांखाली दोन उशा. डोक्याखाली एकही नाही.

दर वर्षी सोसायटीच्या सभेत नाना एकच ठराव मांडायचे. सहल थीम पार्कला न्या. दर वर्षी तो पडायचा आणि बस कुठल्यातरी देवळाला जायची. गेल्या वर्षी मुलांनी घरोघरी हट्ट धरला आणि ठराव पास झाला. कसारा घाट उतरायचा, मुंबई मागे टाकायची, दिवसभर पार्कात आणि रात्री परत. टाळ्या वाजल्या. नाना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तयारी माझ्याकडे."

"कसली तयारी नाना?" पगारे म्हणाले. "बसमध्ये बसायचं आणि पाळण्यात बसायचं. सगळं बसायचंच तर आहे!"

"पगारे, पाळण्यात माणूस दोन मिनिटं बसतो. त्याआधी तास-तास उभा राहतो. तिथे दुपारी बारा वाजता बघा, निम्मं पब्लिक झाडाखाली बूट काढून बसलेलं असतं. पैसे पाळण्याचे भरलेले आणि दिवसभर बघितला काय, तर स्वतःचा अंगठा!"

"तुम्हाला कशात बसायचंय, नाना?" माझ्या बायकोनं, संध्यानं विचारलं.

"होडीत," ते म्हणाले.

ती होडी म्हणजे काही धाडसाचं काम नव्हे. अंधाऱ्या गुहेतून संथ पाण्यावर जाते, दोन्ही बाजूंना नाचणाऱ्या बाहुल्या. लहान मुलं आणि आज्या बसतात तिच्यात. पार्काच्या पार टोकाला असते आणि रांग मारुतीच्या शेपटीसारखी. सगळे हसले. नानाही हसले. पण त्या दिवसापासून सगळ्या बिल्डिंगला ठाऊक झालं, की नानांना होडीपर्यंत पोचायचंय.

मग तालीम सुरू झाली. नखं सरळ कापा, गोल नको. दात घासताना चवड्यांवर उभे राहा. जाड सुती मोज्यांचे दोन जोड घ्या, दुपारी बदला. पाण्यातून बाहेर आलात की बोटांच्या मधली जागा कोरडी करा, मगच पुढचं पाऊल. रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या. उतरल्यावर मिसळ मागवली तर तर्री बंद. "तर्री पायात उतरते" असं नानांचं वैद्यक होतं. त्याला आधार काय, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

आणि रांगेचा सराव. तो नानांचा खास शोध. शनिवारी ते आम्हाला पंचवटीत घेऊन जायचे आणि सीतागुंफेच्या रांगेत उभं करायचे. रांग जितकी लांब तितका त्यांचा चेहरा उजळायचा. नंबर आला की मनोभावे नमस्कार करायचा आणि पुन्हा येऊन शेवटी उभं राहायचं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर कधी घ्यायचं, गुडघा किती सैल सोडायचा, हे ते हळू आवाजात सांगत असायचे. तिसऱ्या खेपेला फुलंवाली म्हणाली, "बाबा, नवस लय मोठा दिसतो तुमचा!"

"होडीचा हाय," नाना म्हणाले. तिनं बिचारीनं हात जोडले.

मला या सगळ्याचा संकोच वाटायचा. सीतागुंफेच्या रांगेत अनवाणीच उभं राहायचं, म्हणून तिथे निभावून जायचं; पांडवलेणी मात्र मी कामाची सबब सांगून टाळायचो. मी कमी बोलणारा माणूस आहे. चारचौघांत पांढरेशुभ्र बूट घालून रस्त्यानं चालणं, त्यात कारखान्यातलं कुणी भेटणं, "काय साहेब, स्लिम व्हायचंय का?" असं विचारणं, हे मला झेपणारं नव्हतं. आणि नानांचा मुख्य नियम तर तोच होता. बूट नवे असोत की जुने, सहलीआधी महिनाभर पायात हवेत. आधी घरात, मग कामावर, मग चढावर. नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही. खोटं बोलणं सोपं वाटलं. खरं तर ते सोपंही नव्हतं. त्या घासाघाशीत जितका घाम गेला, तेवढ्यात पांडवलेणी चढून झाली असती.

दर रविवारी पार्किंगमध्ये बूटतपासणी. जमिनीवर वर्तमानपत्र आणि त्यावर सगळ्यांचे बूट ओळीनं. नाना एकेक उचलायचे, वाकवायचे, आत हात घालायचे. पगाऱ्यांना म्हणायचे, "टाच ओढणं थांबवा, बूट रडतोय." माझा बूट उचलला की उलटा करायचे, सुलटा करायचे आणि "हं" म्हणून खाली ठेवायचे. मला वाटायचं, पास झालो. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "नंबर किती रे तुझा, दिलीप?"

"नऊ, नाना."

"हं."

सहलीच्या दिवशी बस पार्कात पोचली आणि नाना सगळ्यांच्या पुढे. टोपी, पाठीवर सॅक, चाल अशी की तिशीतला माणूस मागे राहावा. त्यांनी फर्मान काढलं. "गटानं फिरा. मी आणि दिलीप आधी होडी. तुम्ही मागून या." मला बरोबर का घेतलं, ते कळलं नाही. उगाच अभिमान वाटला.

पहिल्या चौकापर्यंत सगळं ठीक होतं. कारंज्यापाशी उजवी टाच बोलायला लागली. पूल ओलांडताना डावी तिला सामील झाली. मी चेहरा सरळ ठेवला. चेहरा सरळ ठेवण्यात माझा हातखंडा आहे. पण चाल कशी लपवणार, आणि तीही नानांपासून?

ते मागे वळले. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. "काय म्हणतात?"

"ठीक आहेत."

"डावा काय म्हणतो?"

एक बाक होता, तिकडे त्यांनी बोट केलं. "बठ आठे, भो." नाना अहिराणीत आले की वाद घालायचा नसतो, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मी बसलो. बूट काढले. मोजे काढताना मला माझ्या पायांकडे बघवेना. दोन्ही टाचांना टपोरे फोड, एक फुटलेला.

नानांनी सॅक उघडली. पाणी, कापूस, चिकटपट्टी. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या पुढ्यात खाली बसला आणि माझे पाय मांडीवर घेऊन धुवायला लागला. येणारे-जाणारे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाना, तुम्ही जा. होडीची रांग वाढेल."

"जाईन."

"मी बसतो इथे. खरंच जा तुम्ही."

"जाईन म्हटलं ना."

पट्टी झाली. नाना उठले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांनी माझे बूट उचलून मांडीवर घेतले. समोर मोठा पाळणा वर जाऊन खाली कोसळत होता आणि प्रत्येक वेळी माणसं जिवाच्या आकांतानं ओरडत होती. आम्ही दोघं शेजारच्या गाडीवरून घेतलेलं पॉपकॉर्न खात होतो.

मग नाना म्हणाले, "मंगल अशीच बसली होती."

मंगल म्हणजे नानी. त्यांचं नाव मी नानांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"रिटायर झालो तेव्हा पोरीनं आणलं होतं आम्हाला इथे. मंगलनं मला बूट घेऊन दिले होते, खास या दिवसासाठी. मी खोक्यातून काढले ते थेट पायात. बारा वाजायच्या आत पाय गेले. मग काय, सगळ्यांवर डाफरलो. बूट कसले घेतले, इथे आणायचं कुणी सांगितलं होतं! पोरगी-जावई गेले फिरायला. मंगल बसली माझ्याजवळ. माझे बूट मांडीवर घेऊन. मी म्हटलं, जा होडीत बसून ये. तर म्हणे, नको, मला पाण्याची भीती वाटते. पूर्ण दिवस बाकावर."

"मग?"

"ती गेल्यावर पोरगी बोलून गेली. म्हणे, त्या दिवशी इथे येताना तुम्ही गाडीत पुढे झोपला होतात, आणि आई मागे सगळ्या वाटेत होडीचंच बोलत होती. बाहुल्या कशा नाचतात, काय काय दाखवतात." नाना बूट फिरवत राहिले. "पाण्याची भीती कसली! गिरणा नदीच्या काठची पोर ती. तेव्हापासून हेच मनात. तिचा दिवस मी खाल्ला. ती मनातून किती चिडली असेल, आणि मला कळलंसुद्धा नाही."

माझ्या टाचांपेक्षा मला आता गच्चीवरची भिंत जास्त टोचत होती. त्यांच्या इतक्या वर्षांच्या तयारीवर मी माती भुरभुरवली होती. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. "नाना, हे बूट मी..."

"भिंतीवर घासलेस," नाना म्हणाले.

मी पाय चटकन बाकाखाली ओढून घेतले.

"अरे, चालणाऱ्याचा बूट एका कडेनं झिजतो. तुझे दोन्ही, चारी बाजूंनी सारखे. इतका सरळ चालणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही!" त्यांनी सॅकमध्ये हात घातला आणि एक जोड चपला काढून माझ्या पुढ्यात टाकल्या. मऊ, वापरलेल्या, नऊ नंबरच्या. नानांचा पाय सातचा आहे. "धाकट्या भावाकडून मागून आणल्या. लागतील, असं वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी मेहनत करत होतास. कसं बोलणार?"

आणि नाना हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग पॉपकॉर्न सांडलं, मग डोळ्यांतून पाणी. पन्नाशीचा माणूस संध्याकाळी गच्चीवर बुटाला माती लावतोय, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. मलाही हसू आवरेना. समोर लोक ओरडत होते आणि बाकावर आम्ही दोघं पोट धरून हसत होतो.

हसू ओसरल्यावर नानांनी डोळे पुसले. "दिलीप," ते म्हणाले, "मला तुझा राग आला नाही."

"मोठेपणा तुमचा."

"मोठेपणा नाही रे. नाहीच आला. माझी होडी आज हातची चालली, हे दिसतंय मला. तरी बरं वाटतंय बसायला. इथून सगळं ऐकू येतं, दिसतं. आणि पायाला पट्टी बांधून बसलेला माणूस बघून हसू येतं, बस." त्यांनी माझा बूट बाजूला ठेवला. "ती पण त्या दिवशी हसत होती. तोंडाला पदर लावून. मला वाटलं, चेष्टा करते, म्हणून मी आणखी चिडलो. ती चेष्टा नव्हती, नाही?"

"नाही, नाना."

"आते कळनं," ते म्हणाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

उन्हं उतरल्यावर मी त्या चपला घालून चालू शकलो. हळूहळू आम्ही टोकापर्यंत गेलो. होडीच्या रांगेला नुकताच दोर बांधला होता. आजचं बंद. नानांनी दोरावरून वाकून आत पाहिलं. एक रिकामी होडी पाण्यावर डुलत होती. "चला, ओळख तर झाली," ते म्हणाले आणि वळले. बसमध्ये ते कसारा घाट चढेपर्यंत तोंड उघडं टाकून झोपले होते. संध्या म्हणाली, "अहो, नाना किती दमलेत बघा." मी म्हटलं, दमलेले नाहीत.

आता हे लिहून टाकल्यावर मलाही हलकं वाटतंय. संध्या वाचेल, पगारे वाचतील, बिल्डिंग महिनाभर हसेल. हसू दे. तेच बूट घालून हल्ली मी रोज कामावर जातो. कारखान्यात विचारतात, काय साहेब, स्लिम व्हायचंय का? मी सांगतो, होडीत बसायचंय. उजवा बूट बाहेरच्या कडेनं झिजायला लागलाय. नानांनी परवा तो उलटा करून पाहिला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

सहल यंदाही तिथेच जाणार आहे. नानांची होडीतली एक फेरी माझ्यामुळे हुकली. ती मी अजून त्यांना देणं लागतो.