पाहुण्यांसाठी तण

बोरीजवळच्या त्या संशोधन केंद्रात इंटर्न म्हणून रुजू झाल्या झाल्या सुकेशनीला कळून चुकलं, की इथला रोबोट चालण्यापेक्षा फोटोत उभा राहण्यातच तरबेज आहे. चार चाकं, एक कॅमेरा आणि चिमट्यासारखा एक हात. कपाशीतलं तण ओळखायचं आणि उपटायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याला ते शिकवणारा इंजिनिअर पुण्याला निघून गेला होता. केंद्राचे प्रमुख बन्सीधर सर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या या पोरीकडून कॅमेऱ्याची काच पुसून घेत, नाहीतर निमंत्रणपत्रिका टाइप करून घेत. तिकडे गावी, ताडकळसात, तिच्या वडिलांनी अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलं होतं, की आमची सुकेशनी रोबोट बनवायली. कसलं बनवायली! पुसायली होती बिचारी.

पण पोरगी चिकट. पत्रिका संपल्या की ती यंत्रासाठी प्रोग्राम लिहीत बसे. तिचा हिशेब सरळ होता: पीक ओळीत असतं, तण कुठंही उगवतं. म्हणून जी ओळ सगळ्यात सरळ आणि दाट, ते पीक; तिच्याबाहेरचं सगळं उपटायचं. शेताच्या मागच्या तुकड्यात चालवून पाहिलं, तर यंत्रानं गाजरगवत अचूक उपटलं आणि कपाशीला धक्कासुद्धा लावला नाही. तिला इतका आनंद झाला की रडूच आलं.

सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "सोमवारी मुंबईचे अनुदान देणारे पाहुणे यायलेत. त्यांच्यासमोर चाललं तर तू लॅबमध्ये. न्हाई चाललं तर कॉलेजला कळवतो, दुसरं कोणी पाठवा म्हणून."

आता पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते? झाडझूड. सरांनी रस्ता झाडून घेतला, दगडांना चुना लावला, आणि शेत घाण दिसायला नको म्हणून चतुराबाईला तिच्या खुरपणाऱ्या बायांच्या टोळीसकट बोलावून सगळं शेत खुरपून घेतलं. चतुराबाईचं काम म्हणजे चोख. तणाची काडी उरली नाही. तण काढणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक, आणि रानात तणच नाही! हे सोमवारी सकाळी सुकेशनीनं सांगितलं तेव्हा सर आधी तिच्यावरच चिडले, की हे आधी का सांगितलं नाहीस. मग त्यांनी बांधावर टाकलेलं तण परत आणवलं आणि बायांना ते लावायला बसवलं.

काढलेलं तण पुन्हा लावायला सांगणारा माणूस चतुराबाईनं जन्मात पाहिला नव्हता. तरी काम ते काम. मिरचीचं रोप लावतात तशी तिनं दोरी धरली, बोट बोट अंतरानं गाजरगवत लावलं, वर पाणीही घातलं. सर खूश झाले, कारण फोटोत ओळ झकास दिसत होती.

सुकेशनी तेव्हा कुठं होती? पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवात. मुलगी म्हणून तिच्या हातात औक्षणाचं ताट दिलं होतं. पाहुण्यांना ओवाळून ती रानात आली, ती दोरीतली हिरवीगार ओळ पाहून जागेवरच थिजली. शेजारची कपाशी आधीच विरळ उगवलेली, वाकडीतिकडी. तिनं सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की यंत्र याच ओळीला पीक समजेल. सर हसऱ्या चेहऱ्यानं दातांतून म्हणाले, की बटण दाब.

तिनं दाबलं. यंत्र गाजरगवताला अंग चोरून पुढं सरकलं, वळलं आणि कपाशीचं झाड मुळासकट उपटून मोकळं झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरं झाड, मग तिसरं.

चतुराबाई हळूच म्हणाली, "ताई, तुमचं मशीन पऱ्हाटी उपटायलंय की."

गप्प राहिलं असतं तर लॅब मिळाली असती. पाहुण्यांना काय कळत होतं? पण उपटलेली कपाशी तिला बघवेना. तिनं यंत्र बंद केलं आणि पाहुण्यांना सगळं सांगून टाकलं: उपटलंय ते पीक, उभं आहे ते तण, आणि तेही आज सकाळी लावलेलं.

पाहुण्यांनी दोन्हीकडं निरखून पाहिलं. "पण हे तण किती छान वाढलंय," ते म्हणाले.

बन्सीधर सरांनी ती संधी सोडली नाही. यंत्र उत्तमच आहे, चाचणीला योग्य तण मिळत नाही हीच संशोधनातली मुख्य अडचण आहे, असं त्यांनी तिथंच समजावून दिलं. पाहुण्यांना ते पटलं. महिन्याभरात केंद्राला तणाच्या स्वतंत्र प्लॉटची मंजुरी आली. ठिबक, कुंपण, खत, सगळं. खरं बोलणारी पोरगी म्हणून पाहुण्यांनीच नाव सुचवल्यामुळे सुकेशनीला कॉलेजात परत पाठवता येईना. तिला प्लॉटची प्रमुख केलं. रोबोट ताडपत्रीखाली गेला.

वडील फोनवर विचारतात, रोबोट कुठवर आला. ती म्हणते, चालू आहे काम.

परवा त्या प्लॉटात गाजरगवताच्या मधोमध एक कपाशीचं रोप आपोआप उगवलं. चांगलं टवटवीत पानांचं. सरांनी कुंपणाबाहेरून बोट दाखवलं, आणि सुकेशनीनं खाली बसून ते हातानं उपटलं.