साळोजींच्या पाठीवरची पानं

एका जंगलात, मुलांनो, साळोजी नावाचं एक साळिंदर राहत होतं.

राहत होते, म्हणायला हवं. एकेरी उल्लेख साळोजींना खपत नसे. आणि मुलांनो म्हटलं म्हणून तुम्हीही असं चष्म्यावरून माझ्याकडे बघू नका. गोष्ट ऐकायला बसलं की जरा वेळ मूल व्हायचं असतं.

साळोजी वयानं मोठे होते आणि मानानं त्याहून मोठे. म्हणजे असं त्यांचं मत होतं. त्यांच्या बिळाच्या तोंडाशी एक वाळका भोपळा टांगलेला होता आणि त्याला वरून चीर पाडलेली होती. ही त्यांची टपालपेटी. त्या जंगलात पत्रं पळसाच्या पानांवर येत. पान अळ्यांच्या छापखान्यात द्यायचं. अळ्या ते कुरतडून त्यावर अक्षरं काढून द्यायच्या. मग माकडं ती पानं घरोघर टाकायची.

पूर्वी महिन्यातून एखादं पान यायचं. साळोजी ते सावकाश वाचायचे, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मग जंगलात सुधारणा झाली.

सुधारणा झाली म्हणजे रोज सकाळी भोपळा गच्च भरू लागला. 'बगळे ध्यानकेंद्र. मनःशांतीसाठी एकदा अवश्य या. माशांना प्राधान्य.' 'लांडगे आणि मंडळी. मेंढ्यांची रात्रीची राखण विश्वासानं करून मिळेल.' 'सरडा रंगकाम. पसंत पडेपर्यंत रंग बदलून देऊ.' आणि एक पान तर नेमकं साळोजींसाठीच छापल्यासारखं होतं: 'काटे गळतात? घाबरू नका!'

हे पान साळोजींनी संतापानं भिरकावून दिलं. मग इकडेतिकडे बघून ते उचललं आणि बिळात नेऊन ठेवलं. आपण हे कोणाला सांगायचं नाही.

एरवी साळोजींनी चार शिव्या हासडून हे सोसलं असतं. पण या दिवसांत ते एका पानाची वाट बघत होते. नदीपलीकडे त्यांची थोरली बहीण गोदाक्का राहायची. तिच्या मुलीचं, शेवंताचं लग्न ठरलं होतं. सगळ्या जंगलाला माहीत होतं. आणि सख्ख्या मामाला आमंत्रण नव्हतं.

भावाबहिणीत अबोला होता. कारण गंभीर होतं. गोदाक्काच्या नव्या बिळाच्या वास्तुशांतीला रताळ्याचा शिरा होता. गोदाक्कानं साळोजींना विचारलं, "आणखी वाढू?" साळोजींना शिरा हवा होता, म्हणून ते रीतीप्रमाणे "नको" म्हणाले. आता तिनं रीतीप्रमाणे पुन्हा विचारायचं. ती पंगतीतल्या पुढच्या पाहुण्याकडे गेली. साळोजी उठले, हात धुतले आणि निघाले ते पुन्हा नदी ओलांडून गेले नाहीत.

पण शेवंतावर त्यांचा जीव होता. ती लहान असताना ते तिला कडेवर घ्यायचे. साळिंदराचं पिल्लू कडेवर घेणं म्हणजे काय, हे घेतल्याशिवाय कळायचं नाही. तिच्या लग्नाला आपण नसणार या विचारानं त्यांची झोप उडायची. पण जाणार कसं? आमंत्रणाशिवाय? लोक काय म्हणतील?

"गोदाक्का आमंत्रण पाठवणार," ते स्वतःशी म्हणत. "पाठवलंही असेल. या कचऱ्यात ते मला दिसणार कसं?"

म्हणून त्यांनी कचरा थांबवायचं ठरवलं.

आधी त्यांनी पाटी लावली. शहाण्या माणसाची पहिली चाल पाटीच असते. 'येथे जाहिराती टाकू नयेत. हा भोपळा आहे, उकिरडा नाही. फरक कळत नसल्यास आपल्या घरी विचारावे.'

पलीकडच्या बिळातल्या घोरपडकाकू पाटी बघायला आल्या.

"अक्षर छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण माकडांना वाचता कुठं येतं?"

"त्याला मी काय करू? माझं काम लिहिणं," साळोजी म्हणाले.

माकडांना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते लांबून लांबून पाटी वाचायला येऊ लागले. वाचून हसायचे, आणि आलोच आहोत तर म्हणून आपलंही एक पान भोपळ्यात टाकून जायचे.

मग साळोजींनी सिंहमहाराजांच्या दरबारी अर्ज केला. उत्तर तत्काळ आलं. भल्यामोठ्या सागाच्या पानावर महाराजांचं चित्र होतं. त्याखाली कोल्हे, तरस आणि होतकरू गिधाडं यांची छोटी चित्रं होती, आणि मजकूर होता: 'महाराजांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' हे पान चिरेतून आत जात नव्हतं, म्हणून माकडांनी भोपळा थोडा फोडून घेतला होता.

त्या दिवशी साळोजी जेवले नाहीत. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी शेवटचा उपाय काढला. तो फक्त साळिंदरालाच सुचू शकतो. भोपळ्याकडे तोंड आणि वाटेकडे पाठ करून ते बसले आणि अंगावरचे सगळे काटे त्यांनी उभे केले. माकडं आली. जवळ जायची छाती होईना, म्हणून त्यांनी पानं लांबूनच फेकली. एकही पान भोपळ्यापर्यंत पोचलं नाही. खच् खच् करत सगळी साळोजींच्या काट्यांत रुतली. बगळे रुतले, लांडगे रुतले, सरडा रुतला.

आणि त्यातच एक पान आलं. कडेला हळद, मध्ये कुंकवाचं बोट. लग्नाच्या पत्रिका गोदाक्कानं त्याच छापखान्यात छापल्या होत्या, आणि वाटायला त्याच माकडांना दिल्या होत्या. हल्ली सगळेच तसं करतात. ते पानही खच् करून बरोबर पाठीच्या मध्यावर बसलं.

मुलांनो, तुम्ही ते पाहिलंत. मीही पाहिलं. साळोजींची मात्र पाठ होती.

त्यांनी उठून भोपळ्यात डोकावलं. भोपळा रिकामा! इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याचा तळ दिसला. साळोजींना इतका आनंद झाला की त्या भरात आमंत्रणही आलेलं नाही हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

एवढा मोठा विजय घरात ठेवून चालत नाही. तो लोकांना दाखवावा लागतो. साळोजींनी ती पानं पाठीवर तशीच ठेवली आणि ते निषेधाच्या फेरीला निघाले. जाहिरातींची आपण काय गत केली हे जंगलाला दिसावं, हा हेतू.

दारातच घोरपडकाकू भेटल्या. त्यांनी साळोजींची पाठ वाचली आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई! साळोजी, तुमच्या पाठीवर ते—"

"काकू, तो कचरा मला वाचून दाखवू नका."

"अहो, पण त्यात एक—"

"एक अक्षर नको! मी वाचणार नाही, मी ऐकणार नाही. माझं तत्त्व आहे ते."

"मला मेलीला काय करायचंय," असं म्हणून काकू बिळात गेल्या आणि लग्नात काय नेसायचं याचा विचार करू लागल्या.

फेरी अपेक्षेपेक्षा फार चांगली झाली. हरणं थांबून बघत होती. रानडुकरांनी पोरांना पुढं करून दाखवलं. पाणवठ्यावर तर साळोजींभोवती गर्दी जमली. आजवर त्यांच्याकडे इतका वेळ कोणी बघितलं नव्हतं. चळवळीत एवढी गोडी असते हे त्यांना माहीत नव्हतं.

"येतो हं साळोजी!" रानडुक्कर म्हणालं. "नक्की येतो!"

आपल्या लढ्यात लोक सामील होत आहेत, असं साळोजींना वाटलं. त्यांचा ऊर भरून आला.

"या, या!" ते म्हणाले. "सहकुटुंब या. कोणी मागं राहू नका!"

रोज सकाळी ते भोपळ्यापुढे वाटेकडे पाठ करून बसत आणि रोज संध्याकाळी फेरीला जात. बगळा तर वाटेत येऊन वाकून नमस्कार करून गेला. शत्रू शरण आला, असं साळोजी धरून चालले.

असं करता करता लग्नाचा दिवस उजाडला.

सकाळपासून सगळं जंगल नदीच्या दिशेनं चाललं होतं. नटूनथटून, पोराबाळांना घेऊन. जाताना जो तो साळोजींच्या दाराशी थांबून विचारायचा, "अजून इथंच?" साळोजींना ते टोमण्यासारखं लागायचं. सगळ्यांना आमंत्रण आहे. रानडुकरांना आहे. ज्या माकडांना वाचता येत नाही त्यांनासुद्धा आहे. आणि आपल्याला नाही.

ते भोपळ्याखाली बसून राहिले. भोपळा स्वच्छ होता. त्यांनी पुन्हा एकदा आत हात घालून बघितला. तत्त्वासाठी आपण एवढं केलं, आणि आता या रिकाम्या भोपळ्याकडे बघून रडू येतंय, याची त्यांना लाज वाटली. तरी ते रडले.

तेवढ्यात झुडपं मोडत कोणीतरी आलं. नव्या लुगड्याचा काचा मारलेली, धापा टाकत, गोदाक्का.

"साळ्या!" ती ओरडली. सगळ्या जंगलात साळोजींना एकेरी हाक मारणारी ती एकटीच उरली होती. "अरे, मुहूर्त टळायला आला! भटजी ओरडून ओरडून दमले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं म्हणून. पोरगी रडतेय, मामाशिवाय मांडवात पाऊल ठेवणार नाही म्हणते. आणि मामा इथं भोपळा राखत बसलाय!"

"आमंत्रणाशिवाय आम्ही कोणाच्या दारी जात नाही," साळोजी म्हणाले. पण आवाज फुटला.

"आमंत्रण? आणि हे पाठीवर काय मिरवतोयस?"

ती त्यांच्या मागं गेली आणि मधलं पान तिनं उपसून काढलं. त्याबरोबर एक काटाही आला. "आई गं!" साळोजी कळवळले. तिनं पान त्यांच्या नाकासमोर धरलं.

हळद होती, कुंकू होतं, शेवंताचं नाव होतं. साळोजींनी ते वाचलं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. आता एवढ्यावर ते उठले असते तर ते साळोजी कसले?

"यावर माझं नाव नाही," ते म्हणाले. "'श्री.'च्या पुढची जागा मोकळी आहे. अशी पत्रिका कोणालाही जाते."

"खाली वाच, शहाण्या."

साळोजींनी खाली वाचलं. तळाशी 'निमंत्रक' असं लिहिलं होतं. त्याखाली पहिलंच नाव, अळ्यांकडून मुद्दाम ठळक कुरतडून घेतलेलं: श्री. साळोजी, मुलीचे मामा.

"तू आमंत्रण देणाऱ्यांतला, साळ्या," गोदाक्का म्हणाली. तिचाही आवाज आता खाली आला होता. "घरच्या माणसाला कोण आमंत्रण देतं? मी रोज वाट बघत होते, आज येईल, उद्या येईल. मीसुद्धा हट्टाला पेटले. थोरलीनं का जायचं म्हणून बसले घरात."

आयुष्यात प्रथमच साळोजींपाशी मुद्दा नव्हता. ते उठले आणि पळत सुटले. गोदाक्का मागून पळाली.

मांडवात शेवंता उभी होती. मामांना बघून ती रडता रडता हसली. साळोजींनी तिचा हात धरला आणि तिला बोहल्यापाशी नेलं. मंगलाष्टकं लांबली. लांबतातच. उभ्या उभ्या कंटाळलेले पाहुणे मामांच्या पाठीवरची उरलेली पानं वाचत राहिले. बगळ्याच्या केंद्रातल्या सगळ्या जागा त्या अर्ध्या तासात भरल्या.

अक्षता पडल्या. मग गोदाक्का सगळ्यांसमोर डोळे पुसत म्हणाली, "मंडळी, एवढं जंगल लोटलं ते कोणामुळं? माझ्या भावानं मानापमान गुंडाळून ठेवला. भाचीची पत्रिका पाठीवर लावून दारोदार फिरला. सहकुटुंब या म्हणून एकेकाला सांगितलं. असा मामा कोणाला मिळतो?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साळोजींनी खरं सांगायला तोंड उघडलं. पहिल्या रांगेत घोरपडकाकू बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्या साळोजींकडे टक लावून बघत होत्या. शेवंताही बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुसून टाकायची साळोजींची हिंमत झाली नाही.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "घरचंच कार्य."

त्या दिवसापासून जंगलात मामा म्हटलं की साळोजींचं नाव घेतात. त्यांनी पाटी काढून टाकली. भोपळ्याची चीर मोठी करून घेतली. आता येईल ते पान ते पुढून वाचतात, मागून वाचतात, आणि तळाशी आपलं नाव आहे का ते बघतात. सकाळी बसतात ते उन्हं कलेपर्यंत वाचत असतात. ध्यानालाही जाऊन आले. लांडग्यांकडे एक मेंढीही राखायला देणार होते, पण त्यांच्यापाशी मेंढी नव्हती.

तात्पर्य: नको असलेली पत्रं न वाचता फिरवावीत, म्हणजे जगात नाव होतं. वाचत बसलं की नुसता दिवस जातो. ही गोष्ट तरी तुम्ही कुठं मागवली होती? मी आपली तुमच्या पेटीत टाकली, आणि तुम्ही ती शेवटपर्यंत वाचलीत. तळाशी तुमचं नाव नाही. मीही आधी बघून घेतलं, माझंही नाही.