तिसऱ्या तक्रारीचा कागद

क्रीडागृहाच्या दारावर हार्मने स्वतः लावलेली पाटी होती : 'राळ लावून खेळू नये.' चेंडू एका हातात घट्ट बसावा म्हणून हँडबॉलवाले बोटांना राळ लावतात, आणि ती फरशीवरून निघता निघत नाही. एकवीस वर्षे हॉल सांभाळणाऱ्या हार्मने दोनदा लेखी तक्रार केली होती. तिसरी गेली की मंगळवारची संध्याकाळ हँडबॉलच्या मुलींच्या हातून जाऊन, उंच टोपलीत चेंडू टाकणाऱ्या कॉर्फबॉलवाल्यांना मिळणार, असे नगरपालिकेचे पत्रच होते.

म्हणून फेना ओस्टिंग येणार त्या मंगळवारी क्लबची सेक्रेटरी ट्रुस हिने आधी सगळ्या मुलींचे हात धुवून घेतले. फेना याच हॉलमध्ये शिकलेली. आता ती राष्ट्रीय संघात होती, हंगेरीतल्या एका क्लबकडून खेळत होती आणि तिथे तिच्या नावाचे शर्ट विकले जात.

"एवढं काय त्यात," हार्म म्हणाला. "चेंडूच फेकते ना? लहानपणी माझं घड्याळ फोडलं होतं तिनं."

फेनाचे हात मात्र कोणी धुतले नाहीत.

मुलींनी एक गोल मारून दाखवायला सांगितला. फेनाने सवयीने बुटाच्या टाचेला बोटे लावली. रविवारच्या सामन्यातला राळेचा गोळा तिथे तसाच होता. चेंडू जाळ्यात गेला, टाळ्या पडल्या आणि महापौरबाईंनी तिचा हात हातात घेतला. तो सुटायला वेळ लागला. वार्ताहराने 'आत्मीयता' असे टिपून घेतले.

मग हात मिळवायला आणि सही घ्यायला रांगच लागली. बेकरीवाला, दातांचे डॉक्टर, कॉर्फबॉलचे अध्यक्षसुद्धा. पाऊण तासात कॉफीचे कप हातांना आणि हात दारांच्या मुठींना चिकटू लागले.

हार्मने एक मूठ हुंगली. "राळ. कुणाचे हात चिकट आहेत?"

सगळ्यांनी हात खिशात घातले. तिथून ते लवकर निघेनात.

हार्म कॅबिनमध्ये जाऊन तक्रार लिहू लागला. ट्रुस मागोमाग गेली.

"पोरींचा मंगळवार जाईल रे."

"जाऊ दे. तिचं नाव झालं म्हणून तिला वेगळा नियम नाही. मी काही भाळणारा नाही."

त्याने सही केली आणि हात उचलला. कागदही उठला. त्याने हात झटकला, तरी कागद तळव्यालाच. समोर बसलेल्या ट्रुसला कागदाची मागची बाजू दिसत होती. ती तिने सावकाश वाचली : 'हार्मकाकांना, घड्याळाबद्दल माफ करा. फेना.'

"तूपण होतास रांगेत?"

"तपासायला उभा होतो." हार्मने पुन्हा हात झटकला. "दुसरा कागद नव्हता जवळ."

"बरं. मग पाठवून देऊ नगरपालिकेला? दे इकडे."

हार्मने हात मागे घेतला. "ओढू नकोस, फाटेल. स्वयंपाकघरातून तेल आण आधी."

पुढच्या मंगळवारी मुली खेळायला आल्या, तेव्हा तो कागद कॅबिनच्या भिंतीवर होता, फेनाची सही दिसेल असा. चिकटवायला वेगळे काही लागले नव्हते.