चाळीस मिनिटांचा संसार

वडीगोद्रीच्या शाळेवरचे साहेबराव गुरुजी आपल्या बायकोसोबतच राहतात, असा निर्वाळा जालन्याच्या बदली कक्षानं दिला, तेव्हा गुरुजी एकटेच खिचडी ढवळत बसले होते. बायको रूपाली किनवटकडच्या एका शाळेवर, दोन वर्षांची लेक तिच्यापाशी. लेकीला बाप ठाऊक तो फक्त मोबाईलमधला. दिवाळीत तो अख्खाच्या अख्खा दारात उभा राहिला, तर पोरीनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं. ते गुरुजींच्या फार जिव्हारी लागलं. यंदा बदली घ्यायचीच, असं त्यांनी ठरवलं.

नियम सरळ होता. नवरा-बायको तासाभराहून लांब असतील तर बदलीत प्राधान्य. पोर्टलनं दोघांच्या जवळचे विमानतळ शोधले, संभाजीनगर आणि नांदेड. हवाई अंतर काढलं, दोनशे चौदा किलोमीटर. उड्डाणाचा वेळ चाळीस मिनिटं. शेरा मारला : ‘दाम्पत्य एकत्र आहे.’

गुरुजी कक्षातल्या धर्मराज बाबूंपुढं जाऊन उभे राहिले.

“साहेब, एसट्या बदलत बदलत दहा घंटे लागतात. आन् विमान तर जातच न्हाई!”

“विमान जात न्हाई, हा विमानवाल्यांचा दोष, गुरुजी. अंतरानं काय घोडं मारलं? ते बराबर हाय.”

“मंग वडीगोद्रीहून विमानतळापर्यंत?”

“तो स्थानिक प्रवास. पोर्टल त्यात पडत न्हाई.”

गुरुजींनी अपील केलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. अपील वाचून कक्षाच्या ध्यानात आलं की, चाळीस मिनिटांवर एक धडधाकट शिक्षक वापराविना पडून आहे. आठवडाभरात आदेश निघाला : रूपालीबाईंच्या शाळेवर साहेबरावांनी दर शनिवारी हजर राहावं.

गुरुजींना आभाळ ठेंगणं झालं. शुक्रवारी अर्धी रजा टाकून, लेकीसाठी राजगिऱ्याचे लाडू घेऊन निघाले. परभणीच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरले, तर समोरच्या एसटीतून रूपाली उतरत होती, कडेवर पोर.

“अगं, तू इकडं कुठं?”

“वडीगोद्रीला! शनिवारी तुमची जागा रिकामी पडती म्हणून मला लावलंय. मी बी चाळीसच मिनिटांवर हाय ना!”

पोरीनं बापाकडं टक लावून पाहिलं. मग त्याच्या पाठीमागं वाकून मोबाईल शोधला. लाडू हातात आला तशी रडली मात्र नाही. कंट्रोलरनं दोन्ही गाड्या पुकारल्या, तेव्हा गुरुजींनाच रडू फुटलं. चहावाल्यानं तिघांचा फोटो काढून दिला.

तो फोटो गुरुजींनी हालांचा पुरावा म्हणून दुसऱ्या अपिलाला जोडला. धर्मराज बाबू खूश झाले. “हे घ्या! एका फ्रेममध्ये दिसून राह्यले की तिघं. आता अजून काय एकत्र करायचं? फाईल बंद.”

गुरुजी उठले. दारातून वळून म्हणाले, “साहेब, तुमची आई राजूरला असती ना? किती लांब?”

“लांब कशाची! अर्ध्या घंट्यावर तर हाय.”

“शेवटचं कधी गेल्ते?”

बाबू फाईलची नाडी बांधायला लागले. गाठ बसली तरी बांधतच राहिले.

आणि तुम्ही हो, तुम्ही काय हसून राह्यलात? तुमची म्हातारी किती मिनिटांवर हाय, ते तोंडपाठ असंल तुम्हाला. मिनिटं नका सांगू. तारीख सांगा.