डब्याखालची चार बोटं

सगळ्याची सुरुवात एका साध्या गोष्टीनं झाली. मी एकदा टायरवर हात ठेवून वरची फट बोटांनी मोजली. तेवढं केलं नसतं, तर आमची बायको, म्हणजे ही, चार वर्षं आधीच तिच्या बहिणीकडं पोचली असती आणि मला हे लिहायला काही उरलं नसतं.

मी चाळीस वर्षं धान्याच्या गोदामात पोती उचलली. शाळेत दोन वर्षं गेलो, त्यातलं एक वर्ष बहुतेक वर्गाबाहेर. अक्षरं शिकलो ती पोत्यांवरची. त्यामुळं माझं लिहिणंही पोतं वाहिल्यासारखंच आहे, हळू, आणि मध्ये मध्ये टेकत. पण एक गोष्ट मला येते. वस्तू हातात घेतली की तिचं वजन सांगतो. गोदामातला काटा बिघडला की मला बोलवायचे. (दुरुस्त झाला की परत पाठवायचे.)

काम सोडलं त्या वर्षी मी एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून पिकअप घेतली. पिकअप म्हणजे नुसती पिकअप नाही, तिच्या पाठीवर एक अख्खं घर बसवलेलं. दोन माणसांना झोपायला फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी, आणि तोंड धुवायला वाटीएवढं भांडं. घराला चार लोखंडी पाय आहेत. पाय खाली सोडले की घर जागेवर उभं राहतं आणि पिकअप खालून निघून जाते. मी हे सगळं हिला मोठ्या कौतुकानं दाखवलं.

ही म्हणाली, "हा डबा ठेवायचा कुठं?"

तेव्हापासून त्याचं नाव डबाच.

डबा घेतला तो हिच्या बहिणीकडं जायला. बहीण डोंगराच्या पलीकडं राहते. दोघींमध्ये एक करार आहे. त्यांच्या आईचा एक लोखंडी खलबत्ता आहे. आई गेल्यावर दागिन्यांवरून भांडण झालं नाही, पण खलबत्त्यावरून दोघी सहा महिने बोलल्या नाहीत. शेवटी ठरलं, एक वर्ष हिच्याकडं, एक वर्ष बहिणीकडं. मी डबा घेतला तेव्हा पाळी बहिणीची होती आणि खलबत्ता आमच्याकडं होता.

घरी आणायच्या आधी मी डबा वजनकाट्यावर नेला. मला लोकांचा भरवसा कमी, काट्याचा त्याहून कमी. म्हणून मी स्वतः खाली उतरून आकड्यासमोर उभा राहिलो. चोवीसशे साठ किलो. ती चिठ्ठी पिकअपच्या दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या सीटशेजारी चिकटवली. मग टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट मोजली. चार बोटं. आणि घरात नियम लावला. गाडीवर उगाच भार नको. माणशी एक पिशवी, तीही मी हातात धरून बघणार.

"माझ्या बहिणीला काय हवा भरून न्यायची?" हिनं विचारलं.

"हवा चालेल," मी म्हणालो. "वजन नसतं तिला."

पहिल्या खेपेला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सहज फट मोजली. साडेतीन बोटं. दोन्ही पिशव्या अजून घरातच होत्या. मी पुन्हा मोजली. बोटं तीच होती, फट कमी झाली होती. म्हटलं, डोंगरात टायर घासला तर? जाणं रद्द केलं. गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघितलं, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबून बसलेत म्हणाला, एक जास्तीचा पाटा घातला. फट पुन्हा चार बोटं, पण तोवर पावसात घाट बंद झाला आणि जाणं पुढच्या वर्षावर गेलं.

दुसऱ्या वर्षी आदल्या संध्याकाळी पुन्हा साडेतीन. जाणं रद्द. दुसरा पाटा. तिसऱ्या वर्षी तीन बोटं, आणि मला गॅरेजवाल्याचा संशय यायला लागला. दर वर्षी पाटे बसतात आणि दर वर्षी याचंच काम निघतं.

"तू पाटे कसले घालतोस रे?" मी विचारलं.

"पोलादाचे," तो म्हणाला. "आता तिसऱ्याला जागा नाही, काका. पाटे उत्तम आहेत. तुमचा डबा कुणीतरी आतून भरतंय."

तो हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. चोर घरातलं नेतो, हे मला कळतं. आणून ठेवणारा चोर मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्याला धरायचं कसं? तक्रार तरी काय करायची?

मी आत जाऊन सगळं तपासलं. फळ्या उचलल्या, शेगडी हलवली, टाकी ठोकून बघितली. छताच्या जोडांत ओल शिरून लाकूड जड झालं असेल म्हणून जोड खरवडून नवा मसाला भरला. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. (गॅसनं वजन वाढत नाही, हे मला नंतर जावयानं सांगितलं.) काही सापडलं नाही. आतला केर तेवढा मी कधी काढला नव्हता. ते काम हिचं. ही दर शनिवारी आत जाऊन झाडायची आणि मी बाहेर उभा राहून पायरी पुसायचो.

मग मी जावयावर नजर ठेवली. तो रविवारी यायचा आणि न सांगता डबा धुवायला घ्यायचा. न सांगता काम करणारा जावई कधी बघितलाय कुणी? शिवाय त्याच्याकडं गिऱ्हाईक होतं. कुणाला तरी डब्यात चहाचं दुकान काढायचं होतं.

"बाबा, विकून टाका," तो म्हणायचा. "चार वर्षांत तुम्ही फक्त हवा भरायला बाहेर काढलात."

"जावईबापू, रोज तपासतो मी. कुणीतरी त्यात काहीतरी घालतंय."

"काय घालतंय?"

"तेच बघतोय," मी म्हणालो आणि त्याच्या बुटांकडं बघितलं. बूट स्वच्छ होते. ते तर आणखीच संशयास्पद.

त्या दिवसापासून मी दाराच्या कडीला काळा धागा बांधायला लागलो. कुणी दार उघडलं तर धागा तुटणार. रोज सकाळी बघायचो, धागा जसाच्या तसा. आणि फट बघावी तर चौथ्या वर्षी अडीच बोटं. बंद दारातून माल आत जात होता. मी घरातल्या माणसांनाही काही सांगेनासा झालो. हिला तर मुळीच नाही. म्हटलं, उगाच घाबरेल.

अशात बहिणीचा फोन आला. फोन हिनं घेतला, पण बहिणीचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला.

"सोमवारी मी मुलाकडं चालले, कायमची. समुद्रापलीकडं. तुम्ही येताय का मी मेल्यावर येणार? आणि खलबत्ता पचवलास का?"

हिनं फोन ठेवला. ओट्यावरचं पातेलं उगाच एकदा उचलून परत ठेवलं.

"रविवारी निघायचं," ही म्हणाली. "रविवारी निघालो नाही तर जावयाच्या गिऱ्हाइकाला बोलवा. मी डब्याचं तोंड बघणार नाही, आणि तुमचं बघावं लागेल ते नाइलाजानं."

चार वर्षांत ही इतकं लांब बोलली नव्हती. मी हो म्हणालो.

रविवारी सकाळी निघालो. दोन पिशव्या मी हातात धरून बघितल्या, चार किलो आणि साडेचार किलो. ही शेजारी बसली. गावाबाहेर वजनकाटा दिसला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"आता काय?" हिनं विचारलं.

"दोन मिनिटं. नुसतं बघतो. तू पिशव्या घेऊन खाली उतर."

काट्यावर एक बाई होती, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं हात केला, मी गाडी पुढं घेतली. या खेपेला मी काही खाली उतरलो नाही. गाडी सोडून उतरलो आणि तेवढ्यात कुणी काही आत टाकलं तर? मी स्टिअरिंग घट्ट धरून, आरशात मागं लक्ष ठेवून बसलो.

"सव्वीसशे दहा," बाई खिडकीतून म्हणाली.

मी दारावरची चिठ्ठी बघितली. दीडशे किलो जास्त. गॅरेजवाल्याच्या दोन पाट्यांचे पंधरा सोडा. म्हणजे एकशे पस्तीस किलो माझ्या डब्यात होते आणि ते काय आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मी गाडी कडेला घेतली, किल्ली खिशात टाकली आणि जाहीर केलं, "हे सापडेपर्यंत चाक हलणार नाही."

ही पिशव्या मांडीवर घेऊन डब्याच्या पायरीवर बसली. मी फळ्या काढल्या, शेगडी काढली, गाडीखाली झोपून आलो. ऊन वर आलं. ही डोंगराकडं बघत होती. मी तिसऱ्यांदा टाकी ठोकायला लागलो तेव्हा ती उठली.

"सरका," म्हणाली.

तिनं टाकीमागची फळी दोन्ही हातांनी वर ढकलली. फळी सरकली. मागं हातभर खोल कप्पा होता. फोटोग्राफर त्यात त्याचे कॅमेरे ठेवायचा म्हणे. हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं, कारण केर मी काढला नव्हता.

कप्प्यातून खलबत्ता निघाला. मग बहिणीच्या शिलाई मशीनचं डोकं, मुलीच्या लग्नात मागून आणलेलं. मग गोधड्यांचं गाठोडं, भांड्यांचं खोकं, झाकणाला फडकं बांधलेल्या तीन बरण्या.

"हे कधी भरलंस?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी खलबत्ता. माणशी एक पिशवी म्हणालात ना, मग कुठं ठेवणार? तुम्ही जाणं रद्द केलंत. म्हटलं, पुढच्या खेपेला न्यायचाच आहे, बाहेर कशाला काढा. दुसऱ्या वर्षी मशीन ठेवलं, तुम्ही रद्द केलंत. तिसऱ्या वर्षी गोधड्या आणि भांडी. तुम्ही रद्द केलंत. यंदा बरण्या."

"भार वाढला म्हणून मी रद्द करत होतो."

"तुम्ही रद्द करत होता म्हणून भार वाढत होता."

मी जरा वेळ पायरीवर टेकलो. अशी गोष्ट उभ्यानं कळत नाही.

"आणि धागा?" मी हळूच विचारलं. "धागा तर कधी तुटला नाही."

"तुमची गाठ सैल असते. मी सोडायचे आणि परत नीट मारून ठेवायचे. मला वाटलं, दार वाजू नये म्हणून बांधताय."

बाई खिडकीतून बघत होती. तिच्यासमोर मी एकेक वस्तू उचलून वजन सांगितलं. खलबत्ता वीस. मशीन पंधरा. गोधड्या बारा. भांडी दहा. बरण्या मिळून आठ. पासष्ट. बाईनं तिच्या छोट्या काट्यावर पडताळून बघितलं, एकही चुकलं नाही. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. ते जेमतेम मिनिटभर टिकलं, कारण एकशे पस्तीसमधून पासष्ट गेले तरी सत्तर उरत होते.

"अजून कुठं ठेवलंयस?" मी हिला विचारलं.

"काही नाही ठेवलं."

"सत्तर किलो आहे. एवढं मोठं काय असेल?"

"मला काय ठाऊक?"

"आठव. नीट आठव. मी रागावणार नाही."

हिनं माझ्याकडं बघितलं आणि मग पुन्हा डोंगराकडं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, सापडली. आता कबूल करणार.

"आजोबा," काट्यावरची बाई म्हणाली, "पहिल्यांदा वजन केलंत तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"खाली. आकड्यासमोर. माझा असा कुणावर भरवसा नसतो."

"आणि आज?"

मी स्टिअरिंगकडं बघितलं.

"किती भरता तुम्ही?" तिनं विचारलं.

चाळीस वर्षं मी जगातल्या सगळ्या वस्तू तोलल्या. स्वतःला उचलून बघायचं राहून गेलं होतं. मी मुकाट्यानं फळ्या आणि शेगडी परत जागेवर बसवल्या, पिकअप पुन्हा काट्यावर नेली आणि या खेपेला खाली उतरलो. डबा रिकामा, मी बाहेर. चोवीसशे पंचाहत्तर. चिठ्ठीतले चोवीसशे साठ आणि पाट्यांचे पंधरा. एक किलो इकडं नाही की तिकडं नाही.

 हिनं पदरानं डोळे पुसले, खलबत्त्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "उचला."

मी सगळं सामान परत भरलं. कप्प्यात नाही, राजरोस फळीवर. फट मोजली नाही. (मोजणार होतो. हिनं बघितलं.) डोंगरात टायर कुठंही घासला नाही. दोन जास्तीच्या पाट्यांवर डबा असा चालला की गॅरेजवाल्याची मनातल्या मनात मी माफी मागितली. जावयाची पुढच्या रविवारी मागणार आहे, त्याचे बूट एकदा बघून.

दुपारी पोचलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी मागं खलबत्ता दोन्ही हातांत धरून उभा.

"चार वर्षं लागली यायला?" बहिणीनं विचारलं.

"सत्तर किलो जास्तीचे होते," ही म्हणाली. "कुठं आहेत ते सापडत नव्हतं."

"सापडले का?"

"सापडले. आणलेत बरोबर."

बहिणीनं खलबत्त्याकडं बघितलं. तिचं घर खोक्यांनी भरलं होतं, प्रत्येकावर वजन लिहिलेलं. "हा आता मी कुठं नेऊ? तिकडं सामान तोलून नेऊ देतात. तूच ठेव. पण चार वर्षांत माझ्या दोन पाळ्या बुडाल्या, त्यांचं काय?"

"त्यांच्या बदली यांना घेऊन जा," ही म्हणाली. "सत्तर किलो. काट्यावर तपासलेले."

बहिणीनं मला वरून खालपर्यंत एकदा सावकाश बघितलं. मग माझ्या हातातला खलबत्ता काढून घेतला आणि आत जाता जाता म्हणाली, "नको गं. खलबत्ताच नेते. तो निदान कामाला येतो."