माझा शास्त्रीय खटखटाट

शिकवणं हे शास्त्र आहे आणि अख्ख्या सुरतेत ते मला एकट्याला कळलंय, असं मी गेल्या गुरुवारी दुपारी दोनपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो!

त्याचं असं झालं. उधन्यातल्या एका मराठी शाळेत मी सातवीला गणित शिकवतो. माझ्या वर्गाची तोंडी परीक्षा घ्यायला शिक्षण खात्याचे हिलाल पाटील साहेब येणार होते. वर्ग नापास झाला, तर दिवाळीच्या एकवीस दिवसांच्या सुट्टीत जादा तास! आणि मी तर नाशिकची तिकिटं काढून बसलेलो. ती रद्द केली असती, तर अलकानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मलाच रद्द केलं असतं!

पोरं हुशार, पण उभं केलं की गप्प!

"घरी सगळं पाठ असतं, सर," हर्षदा म्हणाली. "शाळेत आलं की जातं."

मी मोबाइलवर शोधाशोध केली. जिथं शिकलं तिथलं वातावरण मिळालं की आठवतं, असं शास्त्रज्ञ म्हणतात म्हणे! आता ही सगळी पोरं नवागामची. घराच्या भिंतीपलीकडे कापड विणायच्या लूमचा कारखाना, रात्रंदिवस खटाखट. मग वर्गात कमी काय पडत होतं? खटाखट! मी नवागामात जाऊन तासभर आवाज रेकॉर्ड केला, गणपती मंडळाचा स्पीकर मागून आणला आणि मुख्याध्यापिका मालतीबाईंना म्हणालो, "आता बघाच!"

गुरुवारी पोरं खिचडी खाऊन वर्गात बसली. साहेब आले. मी बटण दाबलं.

"हे काय हो?" साहेब दचकले.

"शास्त्र, साहेब! विचारा काहीही!"

"सतरा नवे?"

"एकशे त्रेपन्न!" हर्षदा ठणकावून म्हणाली. माझी कॉलर आपोआप ताठ झाली.

"अठरा साते?"

कुंदन उभा राहिला, पण डोळे मिटून.

"आठवतोय, साहेब. एकाग्रता!" मी म्हणालो.

एकाग्र कुंदन हळूच खाली बसला, बाकावर डोकं ठेवलं आणि घोरायला लागला! त्याच्या मागची अख्खी रांग आडवी. मला वाटलं, आवाज कमी पडतोय. वाढवला. उरलेलीही आडवी!

"अगं हर्षदा, काय चाललंय हे?"

"सर, पाळण्यात होतो तेव्हापासून याच आवाजात झोपतो आम्ही," ती जांभई देत म्हणाली.

"मग पाढे कधी पाठ करता?"

"कारखान्याला रजा असते तेव्हा!" आणि तिनंही दप्तरावर डोकं टेकलं.

मी हात जोडून साहेबांकडे वळलो. साहेब माझ्याच खुर्चीत, तोंड उघडं, गाढ झोपलेले!

"साहेब मूळचे नवागामचेच," मालतीबाई कुजबुजल्या.

अहो, मग आधी सांगायचं ना!

मी घाईघाईनं स्पीकर बंद केला. तशी सगळी एकदम जागी झाली. साहेब तर ताडकन उठले आणि डोळे चोळत मालतीबाईंना म्हणाले, "लाईट गयी का, माय?"

वर्ग खो खो हसला. साहेबांनी शेरा लिहिला, 'वर्ग नापास. सुट्टीत जादा तास घ्यावेत.' मला तर रडूच यायचं बाकी होतं.

फाटकापाशी मात्र साहेबांनी मला बाजूला घेतलं. "सर, फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून दोन वर्षं धड झोप नाही हो. तेवढं रेकॉर्डिंग पाठवा ना."

मी तिथल्या तिथे पाठवलं. संध्याकाळी म्हटलं, साहेब आता खुश असतील, जादा तास माफ करा म्हणून हातापाया पडू. सात वेळा फोन लावला. उचलतील तर शपथ!

झोपले असणार.